भाड्याच्या घराची दुरुस्ती आणि भाडेकरूची अनामत

मुंब्रा-कौसा, भिवंडी, मालेगाव किंवा पुण्याचा कोंढवा, कोठेही पाहा, छोटा धंदा करणाऱ्या माणसाच्या गाठीला चार पैसे जमले की त्याची पहिली धाव जागेकडे असते. बँकेतील मुदत ठेवीचे व्याज त्याला नको असते आणि शेअर बाजाराची त्याला भीती वाटते. एक रूम-किचन घ्यावे, डागडुजी करून भाड्याने द्यावे, हा मार्ग त्याला सरळ वाटतो. घरभाडे ही हलाल कमाई आहे, याबद्दल शंकाच नाही. परंतु आयुष्यभर भाडेकरू म्हणून राहिलेला माणूस जेव्हा प्रथमच घरमालक होतो, तेव्हा जागा घेण्यातच त्याची पुंजी संपलेली असते. दुरुस्तीला पैसा उरत नाही. अशा वेळी इस्टेट एजंट सल्ला देतो की हेवी डिपॉझिट घ्या आणि त्यातच काम उरकून टाका. या सल्ल्याचा नीट विचार करणे आवश्यक आहे.

हेवी डिपॉझिट म्हणजे काय, हे मुंबई-ठाण्यातील वाचकांना सांगायला नको. भाडेकरूकडून एकरकमी मोठी अनामत घ्यायची आणि भाडे घ्यायचेच नाही, किंवा नावापुरते घ्यायचे. घर सोडताना रक्कम पूर्ण परत करायची. समजा, एका खोलीचे बाजारात आठ हजार रुपये भाडे येते. मालक पाच लाख रुपये घेतो आणि भाडे माफ करतो. आता हे पाच लाख काय आहेत? मालकाने ते वापरले म्हणजे ते कर्ज झाले. कर्ज देणाऱ्याला त्या बदल्यात फुकट राहण्याचा फायदा मिळाला. कर्जावर मिळणारा ठरावीक फायदा म्हणजे सूद, म्हणून बहुतेक उलेमा हा व्यवहार नाजायज ठरवतात. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनी आपल्या भागातील मुफ्तीसाहेबांना व्यवहार जसाच्या तसा सांगून विचारावे. गंमत अशी की, सरकारी हिशेबही याच वाटेने जातो. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क काढताना परत करावयाच्या अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज गृहीत धरले जाते आणि ते भाड्यात मिळवले जाते.

दीनची बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी व्यवहार म्हणूनही हा सौदा धोक्याचा आहे. पाच लाख फरशीत, ओट्यात आणि रंगात गेले. अकरा महिन्यांनी भाडेकरू म्हणाला, मला गावी जायचे आहे, पैसे द्या. फरशी उखडून पैसे परत करता येत नाहीत! मग मालक दुसरा डिपॉझिटवाला शोधू लागतो आणि त्याचे पैसे पहिल्याला देतो. मध्ये दोन महिने खोली रिकामी राहिली की दागिने गहाण पडतात. तिकडे भाडेकरूने मुलीच्या लग्नासाठी राखलेली रक्कम अडकते आणि दोन घरांत दुश्मनी होते. खोली मालकाच्या नावावर असली तरी अशा वेळी खरा कर्जबाजारी तोच असतो.

याला पर्याय आहेत. एक म्हणजे आगाऊ भाडे. भाडेकरू तयार असेल तर तीन-चार महिन्यांचे भाडे अगोदर घ्यावे, तसे करारात लिहावे आणि दरमहा ते वळते करावे. हे भाडेच आहे, कर्ज नव्हे. अनामत घ्यावयाचीच तर दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घ्यावी आणि ती बाजूला ठेवावी. दुसरा पर्याय कर्ज-ए-हसनाचा. नात्यात किंवा जमाअतीत ते मिळत असेल तर लेखी घ्यावे. तिसरा पर्याय आमच्या मते सर्वांत चांगला, पण लोकांना तो कमीपणाचा वाटतो. काम दोन टप्प्यांत करावे. राहण्याजोगे घर करण्यासाठी जे लागते ते आधी, आणि दिखाऊ काम वर्षभराचे भाडे हाती आल्यावर.

कोणते काम आधी? सर्वप्रथम खोलीकडे नव्हे, इमारतीकडे पाहावे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जीव गेले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतील जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर आली. खांबांना उभ्या भेगा, छताचे पोपडे पडून दिसणाऱ्या गंजक्या सळ्या, ही लक्षणे असतील तर आतील रंगरंगोटीला काही अर्थ नाही. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. खोली मोठी दिसावी म्हणून खांब किंवा तुळईला हात लावण्याची तर बातच नको.

त्यानंतर पाणी. भाड्याच्या घरातील निम्मी भांडणे मोरी आणि संडासातून सुरू होतात. खालच्या मजल्यावर गळती गेली की भाडेकरू नव्हे, मालकच दारोदार फिरतो. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून व बाहेरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीने करावयाची असते, पण आपल्या संडास-मोरीतून होणारी गळती सभासदाने स्वखर्चाने थांबवावयाची असते. म्हणून मोरीची फरशी एकदाच खरवडून काढावी, गंजलेले लोखंडी पाइप बदलावेत, गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीचे पाइप टाकावेत आणि वॉटरप्रूफिंग जमिनीसह भिंतीवरही फूटभर चढवावे. त्यानंतर जाळी बंद करून मोरीत दोन-तीन इंच पाणी भरावे आणि ४८ तास ठेवावे. खालच्या घराच्या छताला ओल दिसली नाही तरच टाइल्स लावावयास सांगावे. ठेकेदार घाई करतो, कारण त्याचे दोन दिवस मोडतात. ते मोडू द्यावेत.

वायरिंगमध्येही काटकसर नको. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, पॉवर पॉइंटला अडीच आणि गीझर किंवा एसीला चार लागते. भाडेकरू आज गीझर आणणार नाही, पण उद्या आणील. अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे, ज्याला आपले वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या लेकराचा जीव त्याने वाचतो.

राहिले ओटा, फरशी आणि रंग. कडप्प्याचा किंवा साध्या ग्रॅनाइटचा ओटा वर्षानुवर्षे टिकतो. पीओपीचे छत, काचेची दारे, भिंतीत कोरलेले दिवे यांनी त्या प्रमाणात भाडे वाढत नाही. रंग सर्वांत शेवटी, आणि भिंत पुरती सुकल्यावरच द्यावा. पावसाळ्यात ओल्या गिलाव्यावर मारलेला रंग दिवाळीपर्यंतही राहत नाही.

आपल्या समाजात गवंडी, फरशीवाले, वायरमन, रंगारी, फॅब्रिकेटर यांची कमतरता नाही. बहुधा काम मामेभाऊ किंवा साडूच करतो. तेथे तर दर, माल कोणी आणायचा आणि मुदत हे आधीच कागदावर यावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, आणि तीत नातेवाइकांना सूट दिलेली नाही. मजुरीही काम झाल्याबरोबर चुकती करावी.

घर तयार झाले की करार. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करावयाचे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खर्च किती? आठ हजार भाडे, पन्नास हजार अनामत आणि अकरा महिने मुदत धरली तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आत बसते. नोंदणी फी वेगळी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. सोसायटीने भाडेकरू ठेवल्याचे जादा शुल्क मागितले, तर शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, हे लक्षात असू द्यावे.

आयकराच्या बाबतीत एक खुलासा. दुरुस्तीच्या पावत्या जोडून भाड्यातून तेवढा खर्च वजा होईल असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा जाता राहिलेल्या रकमेच्या सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग खर्च एक रुपया झालेला असो की एक लाख. जकातीचा हिशेबही अनेक जण चुकवतात. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून जी शिल्लक राहते ती आपल्या इतर पैशांत मिळवावी, आणि एकूण निसाबाइतकी होऊन वर्ष भरले तर अडीच टक्के काढावेत.

भाडेकरू निवडताना, जात-पात किंवा बिऱ्हाड कोठून आले हे पाहून नकार ऐकण्याचा अनुभव आपल्यापैकी किती जणांनी घेतला आहे, हे किल्ली हाती आल्यावर विसरता कामा नये. कामधंदा आणि ओळखपत्र पाहावे, जुन्या मालकाकडे चौकशी करावी, एवढे पुरे. किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घर पाहावे, वीज मीटरचा आकडा, नळ, पंखे, दारे-कड्या यांची यादी करून दोन्ही प्रतींवर सह्या कराव्यात आणि मोरीचा फोटो काढून ठेवावा. घर सोडताना अनामतीतून किती कापायचे याचा वाद त्या यादीवरच मिटतो, आणि अनामत बाजूला ठेवलेली असेल तर उरलेली रक्कम त्याच दिवशी भाडेकरूच्या हातात देता येते.