कुसळ पाहिलंय का कधी?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच चर्चा. मुलांना घेऊन कुठं जायचं? वॉटरपार्क झालं, मॉल झाला, शिर्डी-शनिशिंगणापूर तर दर पाहुण्याबरोबर होतंच. नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय) वर्षानुवर्षं राहून रेहेकुरीला गेलेल्या मैत्रिणी मात्र मला बोटावर मोजण्याइतक्याच भेटल्या. "तिथं काय आहे? नुसता माळ!" हे उत्तर ठरलेलं.

रेहेकुरी म्हणजे कर्जत तालुक्यातलं काळविटांचं अभयारण्य. लोकलवालं कर्जत वेगळं, ते रायगडातलं. हे आपलं, कमी पावसाच्या पट्ट्यातलं. नगरहून साधारण दोन तासांची वाट. १९८० साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचा विस्तार अवघा २.१७ चौरस किलोमीटर. अंगावर येणारा चढ नाही, दरी नाही, धबधबा नाही. त्यामुळे "अगं, पडशील" असं ओरडावं लागत नाही. गुडघे दुखणारी आजी आणि हुंदडणारी नातवंडं इथं एकाच वाटेवर चालू शकतात. आम्ही गेलो तेव्हा सासूबाई, नणंद, मी आणि आठ ते बारा वयाची तीन मुलं अशी वरात होती.

जाण्याआधी मी एक उद्योग केला होता. वहीच्या पानावर चार-पाच कामं लिहिली, तीन प्रती काढल्या आणि पेन्सिलींना दोरा बांधून मुलांच्या गळ्यात अडकवल्या. मोठ्यांना नियम एकच. उत्तर सांगायचं नाही. वाचायला सोपं वाटतं, पण करून बघा! "ते बघ, ते बघ" म्हणत मुलांच्या वाटणीचं बघणंसुद्धा आपणच उरकून टाकतो. नणंद शिक्षिका आहे. तिला तर गप्प राहण्यासाठी तोंडात सुपारी धरावी लागली.

पहिलं काम पाच मिनिटं गप्प बसण्याचं. जेवढे आवाज ऐकू येतील तेवढे ठिपके कागदावर काढायचे. ते पटकन झालं.

दुसऱ्या कामानं मात्र भांडण लावलं. "इथं हरणं किती प्रकारची आहेत?" थोरला म्हणाला दोन. काळी शिंगवाली आणि तपकिरी बिनशिंगाची. धाकटीनं दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं आणि जाहीर केलं, "तीन! तपकिरी आहे, पण शिंगं पण आहेत." मग तपकिरी शिंगवाला कोण, यावर वाद. शेवटी मधल्यानं तोडगा काढला. "तो मोठा होऊन काळा होणार असेल." अगदी बरोबर. सगळी काळवीटच. मादी तपकिरी आणि बहुधा बिनशिंगाची. नर लहानपणी आईच्या रंगाचा आणि वयात येताना पाठ काळीभोर होत जाते. शिंगांचे पीळही वाढत्या वयाबरोबर वाढतात. चितळाची शिंगं झडून पुन्हा येतात, काळविटाची मात्र जन्मभर तीच. हे पुस्तकात वाचून परीक्षेपुरतं लक्षात राहिलं असतं. पण भांडून मिळवलेलं उत्तर मुलं अजून पाहुण्यांना ऐकवतात.

तिसरं काम लिहिताना मलाच हसू येत होतं. "लेंड्यांचा ढीग शोधा. एकाच जागी इतक्या का?" काळविटाचा नर आपली हद्द ठरवतो आणि ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. ती त्याची पाटी. दुसऱ्या नरांनी वास घेऊन समजून घ्यायचं. डोळ्याजवळच्या ग्रंथीतला स्रावही तो काड्यांना घासून ठेवतो. मुलांनी नाकं मुरडली, पण ढीग तीन शोधले. मधल्यानं कागदावर लिहिलं, "आपल्या सोसायटीतल्या पार्किंगसारखं."

एक गोष्ट मात्र मुलांना आधीच बजावून ठेवा. गवतात एकटं पाडस निजलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, जवळही जायचं नाही. ते हरवलेलं नसतं. सुरुवातीच्या दिवसांत आईच त्याला असं लपवून चरायला जाते. आपण जवळ घुटमळलो तर ती परत यायला बिचकते. दयेपोटी पाडस उचलून नेलं की त्याची आणि आईची ताटातूट कायमची. काळवीट कायद्यानं संरक्षित आहे, हेही आहेच.

चौथं काम कुसळाचं. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं' ही म्हण मुलांना पाठ, पण कुसळ म्हणजे काय ते एकालाही माहीत नव्हतं. (मुसळ तरी कुठं राहिलंय आता घरात?) पावसाळा संपला की माळावरचं कुसळी गवत पिकतं आणि त्याचं टोकदार बी लांब शेपटीसकट कपड्यांत रुतून बसतं. घरी येऊन सलवारीतून कुसळं काढण्याचा वैताग आपल्याला ठाऊक आहेच. या वेळी ते काम मुलांना दिलं. बी बोटात धरायचं आणि पिळदार शेपटीवर पाण्याचा थेंब सोडायचा. थोड्या वेळात शेपटी आपोआप गरगर उलगडायला लागते! वाळली की पुन्हा पीळ घेते. असं ओलं-कोरडं होत होत बी स्वतःला जमिनीत रुजवून घेतं. तिघंही अवाक. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

सासूबाईंचं माहेर श्रीगोंद्याकडचं. हिवर, बोर, तरवड अशी नावं त्या सहज सांगत होत्या. मधेच म्हणाल्या, "आमच्या लहानपणी माळावर माळढोक असायचा. कमरेएवढा पक्षी, तुरुतुरु चालायचा." धाकटीनं कागद पुढं केला, "आजी, कुठं बघायचा? मी लिहून घेते."

आता काय सांगायचं? या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत मोठं अभयारण्य झालं. पण माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ 'पडीक' म्हणून नांगरले गेले, कुठं चांगल्या हेतूनं त्यावर झाडं लावली गेली, वर विजेच्या तारा आल्या. आता इथं माळढोक दिसणं जवळपास संपलं आहे. "नुसता माळ" म्हणताना आपण काय बोलतो, ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. आजीनं तिला एवढंच सांगितलं, "माझं बघून झालंय गं." धाकटीनं त्या रकान्यात माळढोकाचं चित्र काढलं. आजीला विचारून विचारून.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर जा, दुपारी जनावरं सावलीला असतात. प्रवेशाच्या वेळा आणि नियम वनखात्याकडे आधी विचारून घ्या. पाणी, टोप्या आणि जमल्यास दुर्बीण घ्या. कपडे मातकट रंगाचे असू द्या, वाट सोडू नका, कळपामागं धावू नका. कामांचा कागद माझाच हवा असं नाही. तुमच्या गावामागच्या माळावर तुमचे प्रश्न निघतील. आणि मोज्यांतली कुसळं गाडीत बसण्याआधीच काढा. सीटमध्ये घुसली की निघत नाहीत.