खुर्ची आली, बसायचे कधी?

चेन्नईत मांबलम रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की रंगनाथन रस्ता सुरू होतो आणि पुढे उस्मान रस्त्याला मिळतो. त्यागराय नगर, म्हणजे लोकांच्या तोंडचे टी. नगर, ही दक्षिण भारतातील कापडाची आणि दागिन्यांची सर्वांत गजबजलेली पेठ. तमिळ पंचांगातील आडी महिन्यात सवलतींची विक्री लागते, त्यानंतर दिवाळी आणि पोंगल. या सगळ्या काळात बहुमजली दुकानांच्या प्रत्येक मजल्यावर काउंटरमागे विक्रेत्यांची रांग उभी असते. त्यांपैकी अनेक जण राज्याच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांतून आलेले असतात आणि दुकानमालकाने दिलेल्या वसतिगृहात राहतात. वसंतबालन यांच्या ‘अंगाडी तेरु’ या २०१० च्या चित्रपटाने या मुलामुलींचे आयुष्य तमिळ प्रेक्षकांपुढे आणले. त्यानंतर अकरा वर्षांनी राज्याच्या विधानसभेने त्यांच्या पायांची दखल घेतली.

६ सप्टेंबर २०२१ रोजी कामगारमंत्री सी. व्ही. गणेशन यांनी १९४७ च्या तमिळनाडू दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्याने कायद्यात २२-अ हे नवे कलम आले. दिवसभर उभे राहावे लागल्याने कर्मचाऱ्यांना आरोग्याच्या तक्रारी जडतात, हे कारण विधेयकासोबतच्या निवेदनात स्पष्ट दिले होते. राज्य कामगार सल्लागार मंडळाने सप्टेंबर २०१९ मध्येच या कल्पनेला एकमताने संमती दिली होती, म्हणजे मालकांच्या प्रतिनिधींचाही उघड विरोध नव्हता. कलमाचा मजकूर एका वाक्याचा आहे: प्रत्येक आस्थापनेत सर्व कर्मचाऱ्यांसाठी योग्य आसनव्यवस्था असावी, म्हणजे कामाच्या ओघात बसण्याची जी संधी मिळेल तिचा लाभ त्यांना घेता येईल आणि पूर्ण कामाचा वेळ पायांवर काढावा लागणार नाही. मूळ इंग्रजी मसुद्यात यासाठी जो वाक्प्रचार योजला आहे, त्याचा रूढ अर्थ ‘सदैव तत्पर असणे’ असा होतो. कायदा जे टाळू पाहतो नेमके तेच दुकानदाराला हवे असते, हे मसुदा लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

हा मान तमिळनाडूला पहिला मिळालेला नाही. केरळने २०१८ मध्येच अशी दुरुस्ती केली होती आणि तिच्यामागे रस्त्यावरचा लढा होता. कोळिकोडमध्ये शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी ‘पेण्णकूट्ट’ ही संघटना उभी केली, ती आधी मिठाई रस्त्यावरील दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना स्वच्छतागृह मिळावे म्हणून. बसण्याची मागणी त्यातूनच पुढे आली. २०१४-१५ मध्ये त्रिशूरच्या एका कापड दुकानातील स्त्रियांनी याच प्रश्नावर दीर्घ आंदोलन केले. केरळात कायदा आंदोलनानंतर आला, तमिळनाडूत तो प्रामुख्याने शासनाच्या पुढाकाराने आला. हा फरक लहान नाही, कारण अंमलबजावणीवर नजर ठेवणारी संघटना दुकानात असणे आणि नसणे यावर कलमाचे पुढचे आयुष्य ठरते.

शरीराचा हिशेब साधा आहे. चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात आणि पायातले रक्त वर ढकलतात. एका जागी उभे राहिल्यावर हा पंप जवळजवळ थांबतो, रक्त खाली साचते, पाय सुजतात. वर्षानुवर्षे असे चालले तर शिरा फुगतात, ज्यांना आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. कंबर, गुडघे आणि टाचा यांचे दुखणे त्यात भर घालते. मात्र दिवसभर खुर्चीत बसून राहणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याचे दुष्परिणाम कार्यालयीन नोकरदारांना ठाऊक आहेत. शरीराला हवा असतो तो बदल: काही वेळ उभे, काही वेळ बसून, मधून चालत. काम माणसाच्या शरीराला साजेल असे बेतण्याच्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात आणि त्याचा पहिला धडा हाच आहे.

येथे कलम २२-अ अडखळते. ते खुर्चीची सोय सांगते, पण बसण्याची ‘संधी’ आपोआप येईल असे गृहीत धरते. साडीच्या दुकानात ती येत नाही. गिऱ्हाईक उठून गेले की समोर पंधरा-वीस उलगडलेल्या साड्यांचा ढीग असतो. त्या पुन्हा घडी घालून फळीवर लावायच्या असतात आणि तोवर पुढचे गिऱ्हाईक येते. घडी घालण्याचे काम बसून सहज करता येईल, पण काउंटरची उंची उभ्या माणसाच्या कोपराशी जुळवलेली असते आणि त्याचा पुढचा भाग जमिनीपर्यंत काचेने वा प्लायवुडने बंद असतो. मागे सामान्य खुर्ची ठेवली तर बसलेल्याची हनुवटी काउंटरला लागेल आणि गुडघे कुठे घालावेत हा प्रश्न पडेल. अशा ठिकाणी कायदा पाळला गेला असे दाखवायला कोपऱ्यात दोन प्लास्टिकची स्टुले पुरतात. निरीक्षक आला तर ती दिसतात. त्यांच्यावर कोण, कधी बसते हे विचारण्याचा अधिकार त्या एका वाक्यातून त्याला मिळत नाही.

म्हणजे बसण्याची संधी काउंटर बेतणारा सुतार निर्माण करतो किंवा नाकारतो. काउंटरखाली गुडघे आणि पावले सरकवण्याइतकी पोकळी सोडली, मागे उंच व किंचित पुढे झुकलेले टेकू-स्टूल ठेवले आणि घडी घालण्यासाठी एक बुटका मेज बाजूला दिला, तर विक्रेत्याला कामातच विश्रांती मिळते. यात कुठलेही परदेशी यंत्र लागत नाही. मापेही आपल्याकडची आहेत: अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रबर्ती यांच्या संपादनाखाली भारतीयांच्या शरीरमापांचा संग्रह १९९७ मध्येच प्रसिद्ध केला आहे. पाच फूट उंचीच्या मुलीला परदेशी तक्त्यावरून बेतलेल्या काउंटरमागे उभे करण्याचे समर्थन त्यानंतर तरी उरत नाही.

थोडे विषयांतर वाटेल, पण आपल्या जुन्या पेढ्यांत विक्रेता उभा नसेच. पांढरी चादर घातलेली गादी, त्यावर मांडी घालून बसलेला दुकानदार आणि समोर तसेच बसलेले गिऱ्हाईक, हे दृश्य पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याला आणि मुंबईच्या दादरला जितके परिचित, तितकेच दक्षिणेतील रेशीम-पेढ्यांनाही. त्या बैठकीलाही दोष होते. वाकून माल ओढताना पाठ जात असे आणि उतारवयात गुडघे बोलत. परंतु उभे राहणे म्हणजे गिऱ्हाइकाचा मान राखणे, ही समजूत आपल्या परंपरेतली नाही. ती काचेच्या शोकेसबरोबर आली. आज त्याच दुकानात गिऱ्हाइकाला गोल स्टूल मिळते आणि विक्रेत्याला मिळत नाही, याला अदब म्हणणे कठीण आहे.

जगात हा प्रश्न जुना आहे. ब्रिटनने १८९९ मध्ये दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांसाठी आसनांचा कायदा केला, तेव्हा त्यात दर तीन स्त्रियांमागे किमान एक आसन असा आकडा घातला. केवळ स्त्रियांपुरता विचार करणारा तो कायदा आज अपुरा वाटेल, पण निरीक्षकाला खुर्च्या मोजता येत होत्या. अलीकडे, एप्रिल २०१६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने औषध-दुकानाच्या आणि बँकेच्या काउंटरवरील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत दिलेला निर्णय आपल्याला अधिक उपयोगी आहे. न्यायालयाने म्हटले की, संपूर्ण नोकरीचे स्वरूप पाहू नका, त्या ठिकाणी केले जाणारे काम बसून होण्यासारखे आहे का ते पाहा. मालकाच्या व्यावसायिक निर्णयाला महत्त्व आहे, पण खुर्ची नाकारता यावी म्हणून जागेची रचना अवाजवीपणे बेतता येणार नाही. योग्य आसन उपलब्धच नाही असे म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. या निर्णयाने प्रश्न खुर्चीवरून जागेच्या रचनेवर नेला, आणि तो तिथेच असायला हवा होता.

आपल्याच देशातही याचे बीज आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येक कामगारासाठी आसनाची सोय बंधनकारक केली आणि पुढे जाऊन मुख्य निरीक्षकाला एक अधिकार दिला: एखादे काम बसून कार्यक्षमतेने होऊ शकते असे त्याला वाटले, तर तशी व्यवस्था करण्याचा लेखी आदेश तो कारखानदाराला देऊ शकतो. तमिळनाडूने दुकानांसाठी या कलमाचा पहिला भाग घेतला, दुसरा सोडून दिला. बसण्याची संधी आली की नाही हे ठरवणारा त्यामुळे पर्यवेक्षकच राहिला.

महाराष्ट्राने हे दुरून पाहून चालणार नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कल्याणविषयक २४ व्या कलमात उभे राहून काम करावे लागणाऱ्या कामगारांच्या आसनव्यवस्थेचा उल्लेख आहे, आणि तो आता कारखान्याच्या भिंतीपुरता राहिलेला नाही. तपशील मात्र नियमांवर सोपवलेला आहे. संहिता सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही तोच दहाचा आकडा धरला होता. गल्लीतील दोन विक्रेत्यांचे दुकान अशा रीतीने बाहेर पडते. मोठ्या दुकानांपासून सुरुवात करणे व्यवहार्य आहे, हे मान्य करूनही एवढे म्हणावे लागेल की पाय दुखायला सहकाऱ्यांची संख्या लागत नाही.

नियमांत फार काही लिहावे लागणार नाही. किती कर्मचाऱ्यांमागे किती आसने, ती कामाच्या जागेपासून किती अंतरावर, काउंटरखाली किती पोकळी आणि तासाभरात किमान किती वेळ बसू द्यायचे. यांतले पहिले तीन मुद्दे मोजपट्टीने तपासता येतात. चौथा तपासायला कर्मचाऱ्याशी बोलावे लागेल, तेही पर्यवेक्षक समोर नसताना. दुकानदार जागेच्या भाड्याचे कारण पुढे करतील आणि टी. नगर किंवा दादरमध्ये ते खोटे नाही. म्हणूनच आज आहे ते फर्निचर उखडण्याचा आग्रह न धरता, नवे दुकान उघडताना किंवा जुन्याची सजावट बदलताना हे निकष लावावेत. कापड दुकानांची सजावट काही वर्षांनी बदलतेच.

हे निकष ठरवण्याचे ज्ञान कुठून आणायचे, हाही प्रश्न नाही. केंद्र सरकारच्या कारखाना सल्ला सेवा व श्रमसंस्था महासंचालनालयाची केंद्रीय श्रमसंस्था मुंबईत शीव येथे आहे आणि तिची प्रादेशिक संस्था चेन्नईत तरमणीला, टी. नगरपासून काही किलोमीटरांवर. कामगाराचे श्रम, त्याची बैठक, त्याच्या यंत्राची उंची मोजणे हे या संस्थांचे काम, पण त्यांची नजर आजवर कारखाने आणि बंदरांवर राहिली, कारण कायद्याने त्यांना तिकडेच पाहायला सांगितले होते. आडी महिन्याच्या विक्रीत तरमणीच्या तज्ज्ञांना टी. नगरातील चार-दोन दुकानांची मापे घ्यायला पाठवावे, यासाठी नवे विधेयक लागत नाही. राज्याच्या कामगार विभागाने एक पत्र लिहायचे आहे.