तक्रार नाही म्हणजे हिंसा नाही? कडा-आष्टीच्या निमित्ताने काही गैरसमज

“आमच्या गावात असलं काही नाही. असेल तर ठाण्यातली एक तक्रार दाखवा.” बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, कड्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बाईला होणाऱ्या मारहाणीचा विषय काढला की हे उत्तर हमखास येतं. सांगणारा खोटं बोलत असतो असं नाही. त्याला खरंच तसं वाटतं, कारण त्याच्यासमोर कागद नसतो. कागद नाही म्हणजे घटना नाही, हा या विषयातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक गैरसमज आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांना विचारलं गेलं. नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के जणींनी सांगितलं. म्हणजे राज्यात चौघींतली एक. त्याच सर्वेक्षणात पुढचा प्रश्न होता: मदत कुणाकडे मागितली? देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के जणींनी मदत मागितली होती. ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. ज्यांनी मागितली त्यांनीही आधी माहेर गाठलं. पोलिसांपर्यंत पोचलेल्या अगदी मोजक्या. ठाण्याच्या नोंदवहीत जे उतरतं ते या मोजक्यांचं. त्यावरून गावाचा निष्कर्ष काढणं चूक आहे.

बालविवाहाचं पाहा. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं हेच सर्वेक्षण सांगतं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के. आता पोलिसांचा आकडा घ्या: बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली २०२२ मध्ये सबंध देशात नोंदले गेलेले गुन्हे होते हजाराच्या आसपास. एका जिल्ह्यातल्या दर दहा तरुण बायकांपैकी चौघींचं लग्न लहानपणी लागतं आणि अख्ख्या देशात गुन्हे हजारभर! पत्रिका छापली जाते, मांडव पडतो, गाव जेवतं. माहिती सगळ्यांना असते, नोंद तेवढी कुणाकडे नसते.

यावर एक शंका नेहमी येते: घरोघर हिंडणाऱ्या सर्वेक्षकाला बाई खरं कशाला सांगेल? शंका रास्त आहे, म्हणूनच विचारण्याची पद्धत समजून घ्यायला हवी. हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, म्हणजे जावेला किंवा सासूला काय विचारलं जातंय याचा पत्ता लागत नाही. एकांत मिळाला नाही तर हा भाग सोडून देतात. आणि “तुमच्यावर हिंसा होते का?” असं कधीच विचारत नाहीत. नवऱ्यानं कधी थोबाडीत मारली का, केस ओढले का, ढकललं का, काही फेकून मारलं का, असं एकेक कृत्य विचारतात. हिंसा होते का म्हटलं तर “नाही” म्हणणारी बाई थोबाडीत मारल्याचं मात्र सांगते, कारण तिच्या लेखी ती हिंसा नसते, संसार असतो. इतकं करूनही काहीजणी गप्प राहतातच. त्यामुळे सर्वेक्षणाचा आकडा फुगवलेला असण्यापेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त.

आणखी एक समजूत अशी की हा प्रश्न आफ्रिकेसारख्या दूरच्या, गरीब, अशांत मुलुखांचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ५१,१०० स्त्रिया आणि मुली नवरा, जोडीदार किंवा घरच्याच माणसाच्या हातून मारल्या गेल्या. दिवसाला १४०. लोकसंख्येच्या मानानं आफ्रिकेतलं प्रमाण सर्वांत जास्त आहे, हे खरं. पण हिंसा मोजण्याच्या कामात त्याच खंडातल्या लोकांनी जे केलं, ते आपण शिकण्यासारखं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं १९९९ मध्ये मारल्या गेलेल्या स्त्रियांची माहिती पोलिसांच्या वार्षिक तक्त्यातून नाही, तर शवागारांच्या नोंदवह्यांतून गोळा केली. मग प्रत्येक मृत्यूचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला विचारलं की मारणारा तिचा कोण होता. जिथं मारेकरी ठाऊक होता, तिथं निम्म्या स्त्रियांना जोडीदारानं मारलेलं निघालं. जोडीदाराकडून होणाऱ्या हत्यांचा दर होता एक लाख स्त्रियांमागे ८.८. दहा वर्षांनी त्याच पद्धतीनं पुन्हा मोजलं तेव्हा तो ५.६ वर आला होता. पहिल्यांदा मोजलंच नसतं, तर घट झाली की नाही हे कुणाला कळलं असतं? आपल्याकडे लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीची तरतूद आहे. तरी “स्टोव्हचा भडका” आणि “विहिरीत पाय घसरला” या नोंदींमागचं नातं एकत्र जोडून पाहण्याचं काम फार थोड्यांनी केलं आहे.

उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल आला की मथळे येतात: अमुक जिल्ह्यात महिलांवरचे गुन्हे वाढले. गुन्हा घडण्यातली वाढ आणि गुन्हा नोंदवण्यातली वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा तो विभाग स्वतःच देतो. एखाद्या ठाण्यात संवेदनशील अधिकारी आली, समुपदेशन कक्ष चालू लागला, की आकडा चढतो. त्या चढत्या आकड्याबद्दल तिची बदली झाली, तर पुढच्या वर्षी जिल्हा कागदावर “सुरक्षित” होईल आणि बायका पुन्हा गप्प होतील. शिवाय या अहवालात एका फिर्यादीतला सगळ्यात गंभीर गुन्हा तेवढा मोजतात. हुंडाबळीच्या प्रकरणात आधीची छळाची वर्षं वेगळी मोजली जात नाहीत. २००६ पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे अर्ज तर थेट दंडाधिकाऱ्यांकडे जातात. संरक्षण मागणारी ती दिवाणी वाट आहे, त्यामुळे गुन्ह्यांच्या तक्त्यात त्यांचं प्रतिबिंब जवळजवळ पडतच नाही.

आता बीडच्या नावाला चिकटलेल्या प्रश्नाकडे येतो. “पिशवी काढणं”, म्हणजे गर्भाशय काढून टाकणं, हे शब्द इथल्या ऊसतोड कुटुंबांत फार सहज बोलले जातात. २०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली होती. सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत राज्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत सारखे नसल्यानं “अमुक पट” असं ठामपणे म्हणू नये, पण एवढी दरी वयाच्या फरकानं भरून निघणारी नाही.

यावर दोन सोपी उत्तरं दिली गेली. एक, मुकादम आणि कारखाने जबरदस्तीनं पिशव्या काढायला लावतात. दोन, बायकाच हौसेनं मागतात. दोन्ही अपुरी आहेत. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस कामावर गेलं नाही की खाड्याचे पैसे कापले जातात, आणि बाईचा खाडा म्हणजे कोयत्याचा खाडा. फडात संडास नाही, कोपीत पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. अंगावरून जायला लागलं की औषध घेऊन बरं व्हायला सवड नसते. त्यात कुणी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. अशा वेळी बाईनं दिलेल्या होकाराला मी मोकळा होकार म्हणणार नाही. कुणी हात धरून नेलं नाही म्हणून ती हिंसा नव्हे, असंही म्हणणार नाही. कुणाच्या हातात काठी नसतानाही देहावर झालेली ही हिंसा दिसली ती मोजल्यामुळे. प्रत्येक बाईची गोष्ट सुटी असेपर्यंत ते तिचं आजारपण होतं. तेरा हजारांची एकत्र मोजदाद झाली तेव्हा ती व्यवस्था दिसली. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. ही परवानगी काटेकोरपणे पाळली जाते का, हे विचारत राहणं आता आपलं काम आहे.

मुलींच्या जन्माच्या आकड्याबद्दल मात्र एक सावधगिरी सांगायला हवी. “गावात यंदा मुली जास्त झाल्या, प्रश्न मिटला” किंवा “यंदा मुली फार कमी, नक्की गर्भपात होतायत” ही दोन्ही विधानं लहान गावाच्या एका वर्षाच्या नोंदीवरून करता येत नाहीत. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. वर्षाला चाळीस बाळं जन्मणाऱ्या गावात चोवीस मुलगे आणि सोळा मुली निव्वळ योगायोगानंही होऊ शकतात. पण २००१ मध्ये ८९४ असलेलं बीड जिल्ह्याचं शून्य ते सहा वयाचं प्रमाण २०११ मध्ये ८०७ वर आलं, राज्यात सर्वांत कमी, तेव्हा ते तीन लाखांवर मुलांच्या मोजणीतून आलं होतं. तिथं योगायोगाला जागा उरत नाही. बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणात परळीतल्या डॉक्टर दांपत्याला न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा दिली ती २०१९ मध्ये, म्हणजे हा आकडा जाहीर झाल्यावर कितीतरी वर्षांनी.

आकडे गोळा करून काय होतं, ते कपाटातच पडतात, असं म्हणणारे बरेच आहेत. कपाटात पडले तर काहीच होत नाही, हे मान्य. पण कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा ‘एफ’ अर्ज ऑनलाइन भरून घ्यायला सुरुवात झाली. त्या अर्जात बाईला आधीची किती अपत्यं, मुलगे किती, मुली किती, हे असतं. एखाद्या केंद्रात आधी मुलीच असलेल्या बायकांची गर्दी विशिष्ट महिन्यांत होत असेल, तर ते पडद्यावर दिसतं. कागदी अर्जांच्या गठ्ठ्यात ते कधीच दिसलं नसतं. २००१ ते २०११ या काळात राज्याचं शून्य ते सहा वयाचं प्रमाण ९१३ वरून ८९४ वर घसरलं, कोल्हापूरचं ८३९ वरून ८६३ वर चढलं. सगळं श्रेय या यंत्रणेला देता येणार नाही, कारण जनगणना ती सुरू झाल्यावर लवकरच झाली. पण आकडा वापरायचा कसा, याचं ते उत्तम उदाहरण आहे. दुसरं उदाहरण युगांडातलं. तिथं कंपालाच्या वस्त्यांमध्ये ‘सासा’ नावाच्या कार्यक्रमानं शेजारी, पोलीस, आरोग्यसेविका यांनाच सत्तेबद्दल, नवराबायकोतल्या तोलाबद्दल बोलतं केलं. २००७ ते २०१२ या काळात चार वस्त्यांत तो राबवला आणि दुसऱ्या चार वस्त्यांशी ताडून पाहिला. जिथं राबवला तिथं जोडीदाराकडून होणारी मारहाण सुमारे निम्मी आढळली. तुलनेची सोय आधीच केली होती, म्हणून हे सांगता आलं.

आपल्याकडे नेमकं काय मोजलं जात नाही, हेही सांगतो. वर दिलेला २५ टक्क्यांचा आकडा राज्याचा आहे. हिंसेचे प्रश्न नमुन्यातल्या थोड्याच घरांत विचारतात, त्यामुळे बीड जिल्ह्याचा वेगळा आकडा निघतच नाही, मग आष्टी तालुक्याचा कुठून निघणार? दुसरं, महाराष्ट्रातली पाहणी जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झाली. दिवाळीनंतर ऊसतोडीमुळे इकडच्या अनेक घरांना कुलपं असतात. जनगणना होते फेब्रुवारीत, ऐन हंगामात, जेव्हा टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात. जिथं बाईला माहेर, शेजार, आशाताई यांपैकी कुणीच जवळ नाही, नेमके तेच पाच-सहा महिने आपल्या मोजणीतून निसटतात. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपून टोळ्या गावी परतल्यावर, उन्हाळ्यात तालुक्यापुरती पाहणी व्हावी, प्रशिक्षित बायकांनी एकांतात विचारावं, नावं बाहेर जाऊ नयेत, आणि निष्कर्ष ग्रामसभेत एकत्रित आकड्यांतच मांडावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पीडितेचं नाव गावात फुटलं तर त्या माहितीनं तिचं नुकसानच होतं. अशी पाहणी न केलेली बरी.

फडावर मार खाल्लेल्या बाईला “तिकडची घटना, तिकडे जा” म्हणून परत पाठवलं जातं, तेव्हा तिच्यासोबत तिची नोंदही हरवते. कायदा तसं म्हणत नाही. हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यानं शून्य क्रमांकानं फिर्याद नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची आहे. सासरच्या छळामुळे माहेरी आलेली बाई माहेरच्या ठिकाणीही तक्रार करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज ती तात्पुरती जिथं राहते तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे चालतो. कड्याला माहेरी आलेल्या लेकीसाठी म्हणजे आष्टीत. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक फडावरूनही लागतात. टोळी निघण्याआधी घरातल्या बाईच्या मोबाइलमध्ये ते भरून द्या.