छायाचित्रांतील छाया

आपल्या भाषेनें या कलेस ‘छायाचित्रण’ असें नांव दिलें, तें आम्हांस मोठें मार्मिक वाटतें. कारण मनुष्याच्या मुखाचें चित्र घेतांना प्रकाशाची काळजी सर्वच वाहतात, छायेकडे मात्र थोड्यांचें लक्ष जातें. पुष्कळ घरांत आजीचें किंवा आजोबांचें एकच चित्र भिंतीवर असतें, व नातवंडांस त्यांची ओळख व्हावयाची ती तेवढ्यावरूनच. तें भर दुपारीं अंगणांत काढल्यामुळें डोळ्यांच्या जागीं दोन काळ्या खाचा दिसाव्या आणि पाठीमागची चुन्याची भिंत मात्र लखलखावी, ही केवढी हानि!

पाहणाराची दृष्टि, जेथें उजेड व अंधार एकमेकांस भिडतात, तेथें प्रथम धांव घेते. तें स्थळ मुखावर असावें कीं भिंतीवर, हें चित्र घेणारानें आधीं ठरविलें पाहिजे.

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनीं हें मर्म उत्तम जाणलें होतें. त्यांचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्यास झाला. पुढें त्या इंग्लंडांत वाइट बेटावर राहत असतां १८६३ मध्यें, वयाच्या ४८ व्या वर्षीं, कन्या व जामात यांनीं त्यांस कॅमेरा भेट दिला. बाईंनीं कोंबड्यांच्या खुराड्याचें चित्रगृह केलें! १८६७ सालीं त्यांनीं ७५ वर्षांचे ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचें चित्र घेतलें. (चित्रें टिकाऊ करणाऱ्या ‘हायपो’ या क्षाराचा गुण याच हर्शेल यांनीं १८१९ मध्यें शोधिला होता.) बाईंनीं त्यांस आधीं केस धुण्यास लाविलें, कां, तर ते मोकळे होऊन त्यांनीं उजेड धरावा. अंगावर काळें वस्त्र घातल्यानें खांदे अंधारांत लोपले, आणि उरला तो सुरकुतलेला, थकलेला, पण जागृत डोळ्यांचा चेहरा. चित्रें अस्पष्ट म्हणून त्या काळच्या छायाचित्रकारांनीं बाईंस नांवें ठेविलीं. आम्हांस तर कोटाच्या सुस्पष्ट गुंड्यांहून तो चेहरा शतपट मोलाचा वाटतो.

यास मोठी सामग्री लागत नाहीं. मोबाईलनेंही हें साधतें. ऊन थेट आंत न येणाऱ्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आजीस बसवावें. मागील भिंत आठ-दहा फूट दूर असावी. खिडकीचा उजेड अंतराबरोबर झपाट्यानें क्षीण होत असल्यानें मुख उजळतें व भिंत आपोआप काळोखते. मग मुख हळूहळू खिडकीकडून वळवीत जावें, आणि पलीकडील डोळ्याखालीं उजेडाचा लहानसा त्रिकोण उरला कीं थांबावें. हॉलंडचा चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याच्या मुखचित्रांत ही योजना वारंवार आढळते. छायाचित्रकार ती त्याच्याच नांवानें ओळखतात. छायेची बाजू फारच काळी वाटल्यास तिकडून कोणीं तरी पांढरें धोतर ताणून धरावें. मोबाईल आपण होऊन सर्वत्र सारखा उजेड करूं पाहतो. म्हणून पडद्यावरील मुखावर बोट ठेवून उजेड किंचित् उतरवावा. बुबुळावर खिडकीचें बिंब पडलें आहे ना, हें पाहिल्यावांचून मात्र चित्र घेऊं नये. तें दिसत नसेल तर आजीस हनुवटी थोडी वर करावयास सांगावें.