दात राखा, तोंड राखा : भोईवाड्याची वाट टाळा



मुंबईतील परळचा भोईवाडा आपल्या भागातील माणसांना नवा नाही. गिरण्यांच्या काळात सातारा, सांगली, कोल्हापूरकडची कितीतरी माणसे परळ-लालबागच्या चाळींत आणि खानावळींत राहिली. आता गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी खेड्यातला माणूस भोईवाड्याला जातोच आहे. कारण वेगळे आहे. भोईवाड्याच्या लगतच टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते सुरू झाले आणि 1962 पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. कर्करोगाचे रुग्ण देशभरातून तेथे येतात. फाईल काखेत धरून फुटपाथवर बसलेली, जागा मिळाली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली मंडळी पाहिली, तर त्यांत तोंडाच्या आजाराचे पुष्कळ जण दिसतात. त्यांतले बरेचसे शेतीत राबणारे, तुमच्याआमच्यासारखेच.

म्हणून या अंकात आम्ही दातांविषयी लिहीत आहोत. दात म्हणजे किरकोळ बाब, दुखला तर उपटून टाकावा, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण दात, हिरडी, जीभ आणि गाल हे एकच घर आहे. रोज दातांकडे पाहणाऱ्या माणसाला गालाच्या आतला चट्टाही वेळेवर दिसतो.

दातात किडा नसतो

आपण ‘दात किडला’ म्हणतो. उसात खोडकिडा असतो तसा दातात किडा असेल असे वाटते. कोणी जडीबुटीवाला धुरी देऊन दातातला किडा काढून दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. दातात असा किडा कधीच नसतो. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. दातावर त्यांचा चिकट थर बसतो. आपण गोड किंवा पिठूळ खाल्ले की हे जंतू त्यातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. या आम्लाने दाताच्या वरच्या कवचातील क्षार विरघळतात. हे कवच शरीरातील सर्वांत कठीण वस्तू आहे, तरी आम्लापुढे ते टिकत नाही.

पुढे लाळ आपले काम करते. ती आम्ल धुऊन काढते आणि क्षार पुन्हा भरते. याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. एवढी उसंत मिळाली तर दात सावरतो. दर अर्ध्या तासाला काही ना काही गोड तोंडात पडत राहिले तर सावरायला वेळच उरत नाही. जमीन झिजते तिथे वेळीच बांध घातला तर माती राहते, नाही तर घळ पडते. दाताचेही तसेच आहे.

साखर कारखान्यानेच साखरेविषयी बोलावे काय?

बोलावे. आपला माल काय करतो हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथे 1945 नंतरच्या दशकात एक मोठा अभ्यास झाला. तो तेथील मतिमंदांच्या संस्थेतील रहिवाशांवर झाला. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली : जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेली चिकट मिठाई दाताला फार घातक ठरते. एकूण प्रमाणही महत्त्वाचे आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले की वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा रोजच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी. साधारण माणसाला हे दिवसाला सुमारे 50 ग्रॅम होते. पाच टक्क्यांवर आणता आले तर अधिक चांगले.

गुळाला यातून सूट नाही. दाताच्या दृष्टीने गूळही साखरच, वर चिकट. उसाची कांडी चावल्याने दात साफ होतात असे आपण म्हणतो, पण चोयट्याबरोबर रसही दातांत मुरतो. शिवाय दातांनी ऊस सोलताना दाताच्या कडा तुटतात. कोयत्याने सोलून खा आणि नंतर खळखळून चूळ भरा. दिवसातून सात-आठ वेळा गोड चहा पिणाऱ्यांनी दोन-तीन वेळा तरी बिनसाखरेचा घ्यावा.

दुधाचे दात : ‘पडणारच आहेत’ म्हणू नका

बाळाला साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिला दात येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. हे दात पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. दुधाची दाढ अवेळी काढावी लागली तर खालचा पक्का दात वाकडा येतो.

दात येण्यापूर्वी ओल्या स्वच्छ फडक्याने बाळाच्या हिरड्या पुसाव्यात. साखरेचे दूध बाटलीत घालून ती तोंडात ठेवूनच मुलाला झोपवू नये. झोपेत लाळ कमी सुटते आणि वरचे पुढचे दात सडून काळे पडतात. पहिला दात आला की मऊ ब्रश सुरू करावा. फ्लोराईडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत आईवडिलांनी स्वतः मुलाचे दात घासून द्यावेत.

सहा वर्षांची दाढ

सहाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली तरी ‘दुसरी येईल’ म्हणून सोडून देतात. दुसरी येत नाही. ती आयुष्यभराची पहिली पक्की दाढ आहे.

खेळताना किंवा सायकलवरून पडून मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला, तर तो फेकू नका. पांढऱ्या वरच्या भागाला धरा, मूळ घासू नका. घाण असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा. जमल्यास तो परत खाचेत बसवा, नाही तर कपभर दुधात टाकून अर्ध्या-एक तासाच्या आत दंतवैद्याकडे न्या. असा दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

विहीर-बोअरच्या पाण्याचाही विचार करावा. थोडे फ्लोराईड दाताला बळकट करते, पण पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले तर वाढत्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना हा त्रास माहीत आहे. नवी बोअर घेतली की पाणी तपासून घ्यावे.

तरुणपण, गरोदरपण आणि हिरड्या

सतरा-अठराच्या पुढे अक्कलदाढ येते. तिला जागा नसली की सूज आणि ताप येतो. दुखऱ्या दातावर तंबाखू, दारूचा बोळा किंवा ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका. त्याने हिरडी भाजते. सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

गरोदरपणात हिरड्या सुजून रक्त येते, म्हणून बायका घासणेच बंद करतात. उलट अधिक नीट घासावे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दातांचे उपचार निर्धास्त करता येतात.

चाळिशीनंतर दात जातात ते बहुधा हिरड्यांच्या रोगाने. थर साफ झाला नाही की त्याचा दगडासारखा कीट होतो, हिरडी दात सोडते, खालचे हाड झिजते आणि दात हलू लागतो. यात दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. घासताना रक्त येणे ही पहिली खूण. कीट काढल्याने दात ढिले होतात हा गैरसमज आहे. ढिलेपणा आधीच आलेला असतो, कीट निघाल्यावर तो कळतो, एवढेच. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही.

मिश्री, तंबाखू, गुटखा

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे बायका सकाळी मिश्री लावतात, गडी चुन्याची चिमूट ओठात धरतात. तोडणीच्या फडात तर भूक मारायला तंबाखूच. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, दंतमंजन नव्हे. घरात एकीने लावली की पोरीही शिकतात. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात हे सर्वांना माहीत आहे. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली तिला कर्करोगकारक ठरवले.

चिमूट जिथे ठेवतो तिथेच आधी पांढरा किंवा लाल चट्टा उठतो. सुपारी-गुटख्याने गाल आतून ताठ होतो आणि तिखट सोसत नाही. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर तपासून घ्या. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात ओठ, गाल, जीभ, जिभेखालचा भाग पाहावा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, चट्टा, गाठ, विनाकारण हलणारा दात, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. दुखत नाही म्हणून साधे असे समजू नका, सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

हे पाहणे वाया जात नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर लोकांची तोंडे तपासली. 2005 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू-दारूची सवय असणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवली जाते आणि तेथे उपचारही होतात. म्हणजे प्रत्येकाने भोईवाडाच गाठला पाहिजे असे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

उतारवय

म्हातारपणी दात पडतातच असे नाही. राखले तर ते शेवटपर्यंत साथ देतात. गोळ्यांमुळे तोंड कोरडे पडते, त्याने दाताची मुळे किडतात, म्हणून घोट-घोट पाणी प्यावे. वरचा दात काढला की नजर जाते ही भीती खोटी आहे. कवळी रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवावी. सगळे दात गेलेल्यांनीही तोंड तपासून घेत राहावे, हिरडीवर चट्टा येऊ शकतो.

रोजचे काम

सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे मऊ ब्रशने, फ्लोराईडच्या पेस्टने दात घासावेत. रात्रीचे घासणे अधिक मोलाचे. राख, कोळसा, विटेची पूड यांनी कवच झिजते. कडुनिंबाची काडी वापरायची तर मऊ चावून वापरा, पण आतली बाजू तिच्याने नीट निघत नाही. वर्षातून एकदा जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातील दंतविभागात जाऊन या. हंगाम संपला, बिल जमा झाले, की घरातील सर्वांना एकाच फेरीत दाखवून आणावे. फडावरच्या मुकादमांनी आपल्या टोळीलाही सोबत न्यावे, कारण सर्वांत जास्त तंबाखू तिथेच आहे.