आकड्याची धास्ती आणि घराचा आधार

भडगाव हे जळगाव जिल्ह्यातील, गिरणा नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. केळी आणि कापूस यांच्या हिशेबावर परिसरातील घरांचे वर्ष चालते. अशा गावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील वडील मंडळींपैकी एक, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, सहा महिन्यांपूर्वी मधुमेही ठरले. मुलाने मोठ्या काळजीने त्यांना रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र आणून दिले. आता पहाटे पाच वाजता घरात दिवा लागतो. गुरुजी बोटाला सुई टोचतात. आकडा येतो १४२. मन मानत नाही, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा टोचतात, आकडा १५५. तिसऱ्या वेळी १३८. मग चहा नको, भाकरी नको, बाहेर जाणे नको. दिवसाकाठी दहा पट्ट्या म्हणजे महिन्याला तीनशे पट्ट्या संपतात, बोटे दुखू लागतात आणि घरातील सर्वांचा दिवस त्या यंत्राच्या आकड्यावर ठरू लागतो.

हे घर काल्पनिक असले, तरी त्यातील प्रसंग अनेकांना ओळखीचे वाटतील. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार, भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रुग्ण औषध घेतो की नाही, पथ्य पाळतो की नाही, याची चौकशी सर्वत्र होते. परंतु या आजारासोबत येणारी धास्ती कशी सांभाळावी, हे कुटुंबाला क्वचितच सांगितले जाते.

यंत्र घरी आले

इन्सुलिनचा शोध कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली लागला. त्यानंतरही कित्येक वर्षे साखरेची परीक्षा बहुधा लघवीवरून होत असे. निळे द्रावण लघवीसह तापविले असता हिरवे, पिवळे किंवा विटकरी होई आणि त्या रंगावरून अंदाज बांधला जाई. रक्तातील साखर दाखविणारे पहिले सुटसुटीत यंत्र १९७० साली अमेरिकेत आले. तेही किलोभराहून अधिक वजनाचे असून डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी होते. पुढे यंत्र लहान होत गेले आणि रुग्णाच्या हाती आले. आता तर दंडावर बसवून दर काही मिनिटांनी आकडा दाखविणारे संवेदकही मिळतात.

या साधनाने असंख्य रुग्णांचे जीवन सुरक्षित केले, यात शंका नाही. इन्सुलिन घेणारे रुग्ण, मधुमेह असलेल्या गर्भवती स्त्रिया, मधुमेही बालके यांना वारंवार मोजणी करावीच लागते. कारण त्या आकड्यावरून पुढील मात्रा अथवा आहार ठरतो. मात्र केवळ गोळ्यांवर असलेल्या आणि प्रकृती स्थिर असलेल्या प्रौढ रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० रुग्णांचा वर्षभर अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. घरी रोज साखर मोजणारे आणि न मोजणारे यांच्या साखरेच्या नियंत्रणात वर्षअखेरीस लक्षणीय फरक आढळला नाही. उत्तर आयर्लंडमधील २००८ च्या एका अभ्यासात तर नव्याने मधुमेही ठरलेल्या, घरी मोजणी करणाऱ्या रुग्णांमध्ये उदासीनतेचे प्रमाण किंचित अधिक दिसून आले.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

गुरुजींच्या तीन आकड्यांपैकी खरा कोणता? उत्तर असे की, तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. घरगुती यंत्रांसाठी २०१३ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर १०० किंवा त्याहून अधिक असताना यंत्राचा आकडा प्रयोगशाळेतील आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक असणे ग्राह्य धरले जाते. प्रत्यक्षात साखर १४५ असेल, तर १२३ पासून १६७ पर्यंतचा कोणताही आकडा यंत्राच्या मर्यादेतच बसतो. पुन्हा पुन्हा टोचून खात्री वाढत नाही. संशय मात्र वाढतो.

शिवाय हाताला फळाचा रस लागलेला असेल, तर आकडा फसवा आणि फार मोठा येऊ शकतो. नुकतेच केळे सोलून खाल्लेल्या बोटातील थेंब घेण्यापूर्वी हात साबण-पाण्याने धुऊन कोरडे केले पाहिजेत. पट्ट्यांची डबी उघडी राहिली, उन्हात किंवा दमट जागी ठेवली गेली, तरी पट्ट्या बिघडतात.

साखर दिवसभर एकसारखी नसतेच. जेवणानंतर ती वाढते आणि पुढे उतरते. पहाटे शरीरातील काही संप्रेरकांमुळे न जेवताही ती वाढू शकते. बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणास सुरुवात केल्यापासून दोन तासांनी १८० पेक्षा कमी हे सर्वसाधारण उद्दिष्ट मानतात. वृद्ध किंवा अशक्त रुग्णासाठी डॉक्टर ते अधिक सैल ठेवतात. एकंदर नियंत्रणाचा अंदाज देणारी तपासणी म्हणजे एचबीए१सी. ती मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविते. रक्तक्षय किंवा सिकलसेल असलेल्या व्यक्तीत मात्र ती फसवी ठरू शकते. हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

धास्तीचे चक्र

मनुष्य घाबरला की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात. त्यांच्या प्रभावाने यकृत साठविलेली साखर रक्तात सोडते. म्हणजे भीतीने मोजणी, मोजणीने भीती आणि भीतीने साखर, असे चक्र सुरू होते. आकडा मनाजोगता आला, तर घटकाभर हायसे वाटते. परंतु त्या सुटकेचीच सवय लागते आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजावेसे वाटते.

यातील खरा धोका वेगळाच आहे. आकडा वाढेल या भयाने रुग्ण जेवण टाळतो, पण गोळी मात्र घेतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखे औषध घेणाऱ्याने असे केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, अतिशय भूक, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे होत. यांतील बरीच लक्षणे निव्वळ भीतीनेही दिसतात. म्हणून अशा वेळी एकदा मोजणे योग्यच आहे. आकडा ७० पेक्षा कमी असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. मोजण्याची सोय नसेल, तर वाट न पाहता साखर द्यावी. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

घराने काय करावे

यंत्र लपवून ठेवणे किंवा रागावणे हा उपाय नव्हे. त्याने रुग्ण चोरून मोजू लागतो. दर वेळी ‘काही होत नाही’ असे म्हणत राहण्यानेही काम भागत नाही; कारण तो दिलासा आकड्याइतकाच अल्पजीवी ठरतो आणि तासाभराने पुन्हा मागितला जातो. घराचे काम म्हणजे मोजणीला मर्यादा आणि अर्थ मिळवून देणे.

पहिली पायरी म्हणजे रुग्णासोबत डॉक्टरांकडे जाणे. यंत्र व नोंदवही सोबत न्यावी आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत: आठवड्यातून किती वेळा मोजावे, कोणत्या वेळी मोजावे, कोणत्या आकड्याला काय करावे आणि कोणत्या आकड्याला दवाखान्यात कळवावे. हा कागद दिनदर्शिकेशेजारी लावावा. ज्या आकड्यामुळे कोणताही निर्णय बदलणार नाही, तो आकडा त्या दिवशी मोजण्याची आवश्यकता नसते, ही गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून ऐकली म्हणजे रुग्णाला पटते.

दुसरी पायरी सावकाश उतरण्याची. दहा वेळा मोजणाऱ्यास एकदम दोनवर आणू नये. कमी साखरेची लक्षणे नसताना ठरल्याव्यतिरिक्त मोजण्याची ओढ झाली, तर ती अर्धा तास पुढे ढकलावी. ‘अप्पा, तुम्हाला भीती वाटते आहे, हे दिसते. कागदावरची वेळ संध्याकाळची आहे. तोवर नदीकडे फिरून येऊ,’ असे मुलाने म्हणावे आणि खरोखर सोबत जावे. ओढ शिगेला पोहोचते आणि काही वेळाने आपोआप ओसरते, हा अनुभव चार वेळा आला की मनाला बळ येते.

तिसरी गोष्ट बोलण्याची. सकाळी पहिला प्रश्न ‘आज किती?’ हा नसावा. ‘झोप लागली का?’ हा असावा. आकड्याला चांगला-वाईट म्हणू नये आणि मोठ्या आकड्यानंतर ‘काय खाल्ले होते?’ अशी झडतीही घेऊ नये. आखाजीच्या दिवशी घरात आमरस आणि मांडे होतात. त्या दिवशी एकट्या मधुमेह्याला वेगळ्या ताटावर बसविण्यापेक्षा त्याने किती घ्यावे हे आधी ठरवून सर्वांसोबत जेवू द्यावे.

एवढे करूनही झोप उडाली, जेवण सुटले, माणसांत जाणे बंद झाले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ही स्वभावाची कुरकुर नसून उपचार होऊ शकणारा मनोविकार असू शकतो. केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. रुग्णाला सांभाळणाऱ्या सुनेने किंवा पत्नीनेही आपल्या थकव्यासाठी तेथे बोलण्यास हरकत नाही.

गावाची जबाबदारी

तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाब तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांतून आणि आशा कार्यकर्तींच्या साहाय्याने केली जाते. ग्रामपंचायती आणि शाळा यांच्या पुढाकाराने शिबिरेही भरतात. शिबिरात रांगेने बोटे टोचली जातात, आकडा कागदावर लिहिला जातो आणि तो कागद घेऊन माणूस एकटाच घरी जातो. पुष्कळदा धास्तीची सुरुवात तेथूनच होते. म्हणून ज्या टेबलावर आकडा सांगितला जाईल, त्याच टेबलावर त्या आकड्याचा अर्थ, पुढील तपासणीचे ठिकाण आणि घरी किती वेळा मोजावे, हेही सांगितले जावे. शक्य असेल तेथे घरातील एका माणसाला सोबत बोलवावे.

रक्ताचा थेंब यंत्राला आकडा देतो. त्या आकड्याचे काय करायचे, हे माणसांनी ठरवायचे असते. गुरुजींच्या घरी पहाटे दिवा लागणे थांबेल, ते यंत्र फेकून दिल्यामुळे नव्हे. भिंतीवर एक कागद असेल, त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात मोजणीची वेळ असेल आणि त्या वेळेपर्यंत सोबत बसणारे कोणीतरी असेल, तेव्हा तो दिवा आपणच विझेल.