तिकीट काढून पाहिलेलं भूत

अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत वैशाख शुद्ध एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. त्या दिवसांत बोरी नदीच्या कोरड्या पात्रात एक दुसरं गाव वसतं. भांड्यांची दुकानं, गुळाची जिलेबी, आकाशपाळणे, मौत का कुआँ आणि जरा कडेला दोन तंबू: एक भूतबंगल्याचा, दुसरा नागकन्येचा. रथाबद्दल आणि महाराजांच्या वाडी संस्थानाबद्दल जाणत्यांनी लिहिलं आहे. मला शाळकरी वयापासून ओढ आहे ती या दोन तंबूंची. माणसं पदरचे पैसे देऊन घाबरायला का जातात आणि बाहेर येताना हसत का येतात, हा प्रश्न मी तेव्हापासून बाळगून आहे. त्याचा माग काढता काढता लंडनचं एक भांडण सापडलं, अमळनेरातच एका ग्रंथात उत्तराची दिशा सापडली आणि शेवटी सातपुड्यात जाऊन थांबावं लागलं.

हॅलोविन आता आपल्याकडे नवा राहिलेला नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत मुलं भोपळे कोरतात. 2024 साली तर 31 ऑक्टोबरला पहाटे आपण नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान केलं आणि त्याच रात्री तिकडे हॅलोविन झाला. त्या मोसमात युरोप-अमेरिकेत रानात, मक्याच्या शेतात, बंद पडलेल्या कारखान्यांत भूतघरं उभी राहतात. डेन्मार्कमधल्या अशाच एका भूतघरात ऑरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी 110 जणांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधून त्यांना आत सोडलं. 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. भीती अगदी कमी असली तर मजा येत नाही, फार झाली तरी येत नाही. मधल्या एका पट्ट्यात सर्वांत जास्त मजा येते. आपल्या यात्रेतल्या भूतबंगलेवाल्याला हे यंत्राशिवाय कळलेलं असतं. लहान मूल कडेवर असलं की आतला मुखवटेवाला लांबूनच ओरडतो. कॉलेजची टोळी आली की थेट खांद्यावर हात टाकतो. एकदा माझ्या पुढे चाललेल्या बाईचा मुलगा किंचाळून तिच्या पदरात शिरला, तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘भिऊ नको रे भाऊ, मानूस शे तो!’ मुखवट्याआडचा माणूस ते ऐकून क्षणभर थबकला आणि बाजूला झाला. तिच्या त्या वाक्याइतकं नेमकं मला पुढे कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही.

भूतबंगल्याची रचना सोपी. प्लायवूड आणि ताडपत्री लावून केलेला नागमोडी बोळ, त्यामुळे लहानशा जागेत वाट लांब होते. मधे पायाखाली हलणारी फळी, कानाशी वाऱ्याचा झोत, लुकलुकणारा दिवा. नागकन्येचा तंबू मात्र विचार करायला लावतो. टेबलावर वेटोळं घातलेलं सापाचं कापडी अंग, त्यावर जिवंत मुलीचं डोकं. ती बोलते, डोळे मिचकावते, प्रश्नांना उत्तरं देते. टेबलाखाली पाहावं तर आरपार मोकळं दिसतं आणि मागचा पडदाही दिसतो. मग मुलीचं धड गेलं कुठे?

एका दुपारी खेळ बंद असताना मालकांनी मला आत नेऊन दाखवलं. टेबलाखाली दोन आरसे उभे केलेले. त्यांच्या कडा पुढच्या पायाशी एकमेकींना टेकलेल्या, आणि तिथून दोन्ही आरसे तिरपे मागच्या पायांकडे गेलेले. बाजूच्या पडद्यांचं प्रतिबिंब त्यांत पडतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, आपण मागचाच पडदा पाहतो आहोत. म्हणून तिन्ही बाजूंना एकाच थानातलं कापड लागतं, खाली एकसारखी सतरंजी लागते आणि प्रेक्षक दोरीच्या पलीकडेच उभा राहावा लागतो. दोरी ओलांडून तो पुढे आला तर त्याला टेबलाखाली स्वतःचेच पाय दिसतील. एका आरशाच्या खालच्या कडेचा पारा उडाला होता; तिथे पडद्याच्याच कापडाची पट्टी चिकटवलेली होती. मालक वर्तमानपत्राचा ओला बोळा फिरवून काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होते. एक ठसा राहिला तरी सगळा खेळ जातो, म्हणाले.

ही युक्ती 16 ऑक्टोबर 1865 रोजी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आली. ‘कर्नल’ स्टोडेअर हा जादूगार, कल्पना टॉमस टोबिन याची. तीन पायांच्या टेबलावर पेटी ठेवायची, पेटी उघडली की आत स्फिंक्सचं बोलणारं डोकं. आपली नागकन्या त्या स्फिंक्सची खानदेशी वंशज.

पण खरी गोष्ट याच्या तीन वर्षं आधीची आहे आणि तिच्या केंद्रस्थानी जो माणूस आहे, त्याला जगाने जवळजवळ विसरून टाकलं आहे. हेन्री डर्क्स. 1806 साली लिव्हरपूलला जन्मलेला स्थापत्य अभियंता. बाहेरून कसलीही ऊर्जा न घेता अखंड चालणारं यंत्र बनवल्याचे दावे करणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. डर्क्सने 1861 साली या दाव्यांचा शतकानुशतकांचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला आणि त्यांतला फोलपणा दाखवला. भ्रमाचा असा पक्का वैरी असलेल्या या माणसाने रंगमंचावरचं सर्वांत यशस्वी भूत जन्माला घातलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याची कल्पना अशी: रंगमंचावर मोठी स्वच्छ काच उभी करायची. प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी एक नट काळ्या पार्श्वभूमीवर उभा. त्याच्यावर झगझगीत प्रकाश टाकला की त्याचं प्रतिबिंब काचेत उमटतं आणि काचेपलीकडच्या खऱ्या नटांमधून ते भूत फिरताना दिसतं. प्रकाश काढला की भूत विरून जातं. डर्क्सने 1858 साली ही योजना मांडली. पण तिच्यासाठी प्रेक्षकांना उंचावर बसवावं लागणार होतं, म्हणजे नाट्यगृहच नव्याने बांधावं लागणार होतं. कोणीही तयार होईना.

मग ही योजना जॉन हेन्री पेपर यांच्या हाती आली. पेपर रसायनशास्त्राचे व्याख्याते. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत ते सामान्य लोकांना विज्ञान समजावून सांगत. त्यांनी काच प्रेक्षकांकडे किंचित कलती केली आणि लपलेल्या नटाला रंगमंचाच्या पुढे, खालच्या खड्ड्यात उतरवलं. आता कुठल्याही नाट्यगृहात भूत आणता येणार होतं. 24 डिसेंबर 1862 रोजी डिकन्सच्या एका भूतकथेतल्या प्रवेशासाठी त्यांनी ते आणलं. खेळ झाल्यावर युक्ती उलगडून सांगायची, असा पेपर यांचा बेत होता. लोकांवर झालेला परिणाम पाहून त्यांनी तो बेत सोडला आणि गुपित गुपितच ठेवलं.

1863 साली दोघांनी मिळून पेटंटसाठी अर्ज केला. डर्क्सने पैशावरचा हक्क सोडून दिला होता. त्याला हवं होतं नाव. जाहिरातींमध्ये मात्र पेपर यांचंच नाव गाजू लागलं. डर्क्सने त्याच वर्षी आपल्या भुतावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात हा अन्याय मांडला. 1873 साली तो वारला. पेपर यांनी 1890 साली भुताचा ‘खरा इतिहास’ आपल्या बाजूने लिहिला. आजही ही युक्ती ‘पेपर्स घोस्ट’ म्हणूनच ओळखली जाते. 1969 साली डिस्नेने कॅलिफोर्नियात उघडलेल्या भूतवाड्यात नाचघरातली सगळी पारदर्शक भुतं याच युक्तीने नाचतात. ज्याने पैसा नाकारून फक्त नाव मागितलं, त्याला नावही मिळू नये, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याहून मोठी चुकामूक मला दिसते ती पेपर यांच्या त्या रात्रीच्या निर्णयात. विज्ञानाचा शिक्षक युक्ती उलगडायला उभा राहिला होता आणि टाळ्या ऐकून गप्प बसला.

अशा युक्त्या मराठी मुलखातही मुरल्या. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. हाताने रंगवलेल्या काचा आणि दिवा यांच्या जोरावर त्यांनी पडद्यावर पुराणातल्या कथा हलवल्या. त्र्यंबकचे दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून जादूचे प्रयोग करत होते. जादूगाराची शिस्त त्यांच्या सिनेमात पुढे उतरली.

आता अमळनेरकडे येतो. बोरीच्या पात्रात आरशांचे हे खेळ चालतात, त्याच गावात गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. गिरणीच्या पैशावर वेदान्ताचा अभ्यास करणारी संस्था, आणि तीही खानदेशात! देशभरातून अभ्यासक इथे येऊन राहिले. इथल्याच जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी 1933 साली ‘अज्ञान’ नावाचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. विषय एकच, निबंध तीन. भ्रम कशाचा बनलेला असतो, तो कुठे राहतो आणि ज्ञान झाल्यावर त्याचं काय होतं, यावर एका छपराखाली बसून तिघांनी आपापली बाजू मांडावी, ही गोष्ट आपण अमळनेरकरांनी अभिमानाने सांगायला हवी.

वेदान्तात भ्रमाचे दोन प्रकार मानतात. दोरीवर दिसलेला साप दिवा आणला की जातो. हा निरुपाधिक भ्रम. आरशातलं प्रतिबिंब मात्र, ते प्रतिबिंब आहे हे कळल्यावरही दिसतच राहतं. हा सोपाधिक भ्रम. आरसा समोर आहे तोवर तो हटत नाही. मला नागकन्येच्या तंबूचं कोडं इथे सुटलं. आरसे हाताने चाचपून आल्यावर मी संध्याकाळी पुन्हा दोरीबाहेर उभा राहिलो, तरी टेबलाखाली मोकळी जागाच दिसली. डोळे फसतात, आपण फसत नाही. भूतबंगल्याची मजा याच अंतरात आहे. किंकाळी खरी असते, पण दारावर तिकीट काढलेलं असतं आणि पलीकडे बाहेरचं दार असतं.

या दाराचा अर्थ शब्दशःही घ्यायला हवा. 11 मे 1984 रोजी न्यू जर्सीतल्या एका भूतवाड्याला आग लागली आणि 8 मुलं गेली. आतल्या भिंतीला फोम लावलेला होता, वाट अंधारी आणि वळणाची होती. धूर दिसूनही तो खेळाचाच भाग वाटला, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यानंतर अमेरिकेत अशा घरांसाठी पाण्याचे फवारे आणि धूर ओळखणारी यंत्रं यांचे नियम कडक झाले. आपल्या यात्रांतल्या ताडपत्रीच्या बोळालाही दोन तरी बाहेरची दारं, वाळूच्या बादल्या आणि सगळे दिवे एकदम लावणारं एक बटण हवंच. परवानगी देताना ते कोणीतरी आत जाऊन पाहायला हवं.

अमळनेरहून उत्तरेला चोपड्याकडे निघालं की सातपुडा दिसू लागतो. त्या रानात तिकीट नसलेलं भूत आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला एखाद्या पाड्यात मूल दगावलं, बैल मेला, ताप हटेना, की भगताला विचारतात आणि भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. ती डाकीण ठरते. भिल्ल मुलखातल्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत अशा बायकांना झाडाला उलटं टांगून झोके दिल्याचे, डोळ्यांत मिरची घातल्याचे प्रकार आहेत. इतिहासकार अजय स्कारिया यांनी 1997 साली या हिंसेवर सविस्तर निबंध लिहिला. तो वाचून झाल्यावर मला बराच काळ दुसरं काही वाचवेना. हे फक्त जुन्या दप्तरातलं नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते आजही त्या पाड्यांवर जाऊन अशा बायकांच्या पाठीशी उभे राहतात.

वेदान्ताच्या हिशेबाने डाकीण ही दोरीवरची सर्पबुद्धी. तिथे आरसा नाही, काच नाही. दिवा आणला की ती जायला हवी. मूल हिवतापाने गेलं हे दवाखान्यातून कळतं, बैल कशाने मेला ते पशुवैद्य सांगतो. तरी ती जात नाही. कारण पुष्कळदा दिवा आणणं कोणाला तरी परवडणारं नसतं. बाई विधवा असते, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो, भाऊबंदकीचा जुना वाद असतो. तिला गावाबाहेर काढलं की वाद मिटतो. भूतबंगलेवाला भीती विकतो आणि विकतो आहे हे पाटीवर लिहितो. इथे भीतीचा धंदा चालतो आणि त्याची पाटी मात्र कुठे लावलेली नसते.

20 ऑगस्ट 2013 रोजी अंनिसचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे तक्रार आली की पोलिसांना हलावंच लागतं. पण तक्रार करायची ती कोणी? ज्या बाईला पाड्याने वाळीत टाकलं, तिला तालुक्याच्या ठाण्यापर्यंत कोण नेणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पेपर यांनी 1862 साली जे केलं नाही, ते आपण करावं. खानदेशातल्या प्रत्येक मोठ्या यात्रेत, मग ती अमळनेरची असो वा सारंगखेड्याची, शेवटच्या दिवशी एक खेळ दोरी सोडून व्हावा. नागकन्येच्या टेबलाखालचे आरसे मुलांना हात लावून पाहू द्यावेत, मुखवटेवाल्याने मुखवटा काढून त्यांच्याशी बोलावं. मालकांचं नुकसान होणार नाही, कारण युक्ती कळलेला माणूसही पुढल्या वर्षी पुन्हा तिकीट काढतो; मी काढत आलो आहे. त्याच तंबूत अंनिसच्या कार्यकर्त्याने अर्धा तास मागावा आणि कायदा सांगावा. अमळनेरच्या शाळा-कॉलेजांनी तत्त्वज्ञान मंदिराचा वारसा सांगताना दोरी-सापाचं उदाहरण फळ्यावर सोडून सातपुड्यापर्यंत न्यावं. पदरात शिरलेल्या मुलाला त्या आईने जे सांगितलं, ते भगताने बोट दाखवलेल्या बाईबद्दल तिच्या पाड्यात उभं राहून मोठ्याने सांगणारी माणसं हवीत. त्या माणसांच्या मागे पोलीस पाटील, शिक्षक आणि आशाताई उभ्या राहिल्या, तर कायद्याला पाय फुटतील.